'जमीन दिली' हे क्रियापद दुरुस्त करावे

प्रति,
मा. संपादक

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत कॅनडातल्या आदिवासी करारांवर आलेला लेख मी इथे ब्रिटिश कोलंबियात, टेरेस या गावी, मुलीच्या घरी वाचला. मराठी वर्तमानपत्राने या विषयाला जागा दिली याचे फार बरे वाटले. त्या लेखातल्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे. वाक्य असे : 'कॅनडा सरकारने निस्गा आदिवासींना दोन हजार चौरस किलोमीटर जमीन व स्वशासन दिले.' आकडा बरोबर आहे. 'दिले' हे क्रियापद चुकीचे आहे. लेखकाला मी दोष देत नाही. सरकारी नोकरीत 31 वर्षे मीही हेच क्रियापद लिहीत आलो, आणि त्याची चूक मला निवृत्तीनंतर, इतक्या लांब येऊन कळली.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. नोकरीची सुरुवात चंद्रपूरला झाली, पुढची बरीच वर्षे गडचिरोली जिल्ह्यात, मुख्यतः धानोरा तालुक्यात गेली. साखळी आणि प्लेन टेबलवर काम शिकलो, जीपीएस हातात घेऊन निवृत्त झालो. कब्जेदार, लगतधारक, हद्द कायम, क प्रत हे शब्द माझ्या अंगवळणी पडलेले आहेत. मोजणीदाराला कब्जा आणि मालकी यांतला फरक कळत नसेल तर तो गावात भांडण लावून घरी येतो. त्यामुळे जमिनीच्या बाबतीत 'होती', 'घेतली', 'दिली', 'मान्य केली' या चार गोष्टी मला चार वेगळ्या नोंदी वाटतात. एकीच्या जागी दुसरी लिहिली की सगळा फेरफार चुकतो.

टेरेसहून उत्तरेला नास नदीच्या खोऱ्यात जाणाऱ्या रस्त्याचा क्रमांक 113 आहे. हा क्रमांक ओळीने पडलेला नाही. 1887 साली निस्गांचे प्रमुख जमिनीचा प्रश्न घेऊन होड्यांतून व्हिक्टोरियाला, म्हणजे प्रांताच्या राजधानीला गेले. करार अमलात आला 11 मे 2000 रोजी. मधली वर्षे 113. मुलीने गाडी चालवता चालवता हे सांगितले आणि पुढचा बराच वेळ मी प्रत्येक पाटीवरचा तो आकडा बघत बसलो. वाटेत लाव्हाचे काळे, शेवाळलेले मैदान लागते. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखी फुटला, गावे गाडली गेली, नदी खोऱ्याच्या दुसऱ्या कडेला ढकलली गेली. निस्गांच्या तोंडी परंपरेत या आपत्तीतल्या मृतांचा आकडा सुमारे दोन हजार सांगतात. ज्या माणसांनी आपल्या नदीचा जुना प्रवाह कुठे होता हे इतक्या पिढ्या लक्षात ठेवले, त्यांच्या जमिनीवर 'ही कुणाची नाही' असा शेरा कोणत्या नोंदवहीवरून मारला गेला असेल, हा विचार मोजणीदाराच्या मनात येणारच.

त्या 1887 च्या भेटीत प्रांताचे पंतप्रधान विल्यम स्मिथ यांनी त्यांची मागणी झिडकारली. गोरा माणूस तुमच्यात पहिल्यांदा आला तेव्हा तुम्ही रानातल्या जनावरांपेक्षा फारसे बरे नव्हता, असे ते बोलल्याची नोंद आहे. त्याच दशकात सरकारी मोजणीदार राखीव वस्त्यांच्या हद्दी आखायला खोऱ्यात आले तेव्हा निस्गांनी त्यांना परत पाठवले होते. हे वाचताना मी थांबलो. माझ्याच पेशाची माणसे ती, वरून आलेल्या हुकुमावर साखळी घेऊन निघालेली. त्यानंतर नास नदीकाठी आलेल्या आयोगापुढे डेव्हिड मॅके नावाच्या निस्गा माणसाने जे सांगितले ते आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपल्या पुरवणीतल्या त्या वाक्याला उत्तर म्हणून जसेच्या तसे लागू पडते. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : सरकार म्हणते की आम्ही तुम्हाला एवढी जमीन देऊ. जमीन आमचीच आहे, तर ते ती देणार कशी? त्यांनी ती आमच्या वाडवडिलांकडून विकत घेतली नाही, लढून जिंकली नाही, आणि तरी म्हणतात की आम्ही तुम्हाला देऊ, तुमचीच जमीन.

पुढे 1913 साली निस्गांनी थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाकडे, अर्ज पाठवला. 1927 साली कॅनडाने कायद्यात कलमच घातले की आदिवासींच्या जमिनीच्या दाव्यासाठी कुणी पैसे गोळा करायचे नाहीत, वकील लावायचा नाही. हे कलम 1951 पर्यंत टिकले. चोवीस वर्षे एका समाजाला स्वतःच्या जमिनीसाठी वर्गणी काढणे गुन्हा होता. 1927 हे साल आपल्याकडेही विसरण्यासारखे नाही. भारतीय वन अधिनियम त्याच वर्षीचा आहे. धानोऱ्याच्या जंगलात मोहाची फुले वेचणारी बाई त्या कायद्याने सरकारच्या मेहरबानीवर गेली.

निस्गा थांबले नाहीत. त्यांच्यातले फ्रँक काल्डर 1949 साली प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले आणि पुढे त्यांच्याच नावाने जमिनीचा खटला चालला. टॉमस बर्जर त्यांचे वकील होते. 31 जानेवारी 1973 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आणि निकाल म्हणून पाहिले तर निस्गा हरले. सात न्यायाधीशांपैकी सहा जणांनी मान्य केले की गोरे येण्यापूर्वीपासून निस्गांचा जमिनीवर हक्क होता. तो हक्क पुढे संपला की नाही यावर मात्र तीन विरुद्ध तीन अशी फूट पडली, आणि सातव्या न्यायाधीशांनी सरकारवर दावा लावण्यापूर्वी घ्यायची परवानगी घेतली नव्हती या तांत्रिक मुद्द्यावर दावा फेटाळला. आपल्या कोर्टकचेऱ्यांत आयुष्य घालवलेल्या कुणालाही हा प्रकार नवा वाटणार नाही. पण त्या हरलेल्या खटल्यात 'हक्क होता' हे शब्द कागदावर आले. त्या एका क्रियापदामुळे केंद्र सरकारला त्याच वर्षी जमिनीच्या दाव्यांबाबतचे धोरण बदलावे लागले आणि 1976 पासून निस्गांशी बोलणी सुरू झाली. प्रांत सरकार टेबलाशी यायला 1990 उजाडले.

लेखात 'उदार धोरण' असाही शब्द आहे, म्हणून त्या बोलण्यांचा खर्च कुणी केला तेही सांगायला हवे. वकील, तज्ज्ञ, नकाशे, वर्षानुवर्षांचा प्रवास यासाठी निस्गांना सरकारकडून कर्ज घ्यावे लागले. आपलीच जमीन आपली आहे हे सिद्ध करायला समोरच्याकडूनच कोट्यवधी डॉलर उसने घ्यायचे, आणि करारातून मिळणाऱ्या रकमेतून ते फेडायचे. असे फक्त त्यांच्याच बाबतीत झाले असेही नाही, कॅनडातल्या अनेक समाजांवर असा बोजा होता. हा अन्याय आहे हे मान्य करून केंद्राने 2019 च्या अर्थसंकल्पात ही कर्जे माफ केली आणि ज्यांनी आधीच फेडली त्यांचे पैसे परत करायचे ठरवले.

ऑगस्ट 1998 मध्ये अंतिम मसुद्यावर आद्याक्षरे झाली. त्या वर्षअखेर निस्गांचे नेते जोसेफ गॉस्नेल प्रांताच्या विधानसभेत बोलले. 1887 साली आपल्या पूर्वजांना जिथून परत लावले होते तिथेच उभे राहून त्यांनी सांगितले की आम्ही आमच्याच भूमीत यापुढे भिकारी राहणार नाही. ओटावाच्या संसदेत विरोधकांनी या विधेयकावर चारशेहून अधिक दुरुस्त्या आणल्या आणि रात्रंदिवस मतदान चालवले. प्रांतातल्या विरोधी पक्षनेत्यांनी कोर्टात आव्हान दिले, ते 2000 साली फेटाळले गेले. खुद्द निस्गांमध्येही करार नको म्हणणारे होते, आणि त्यांची बाजू मला हलकी वाटत नाही. कारण कराराने निस्गांच्या मूळ प्रदेशाच्या दहा टक्क्यांहून कमी जमीन त्यांच्या नावे राहिली. उरलेल्यावरचा दावा त्यांनी कायमचा सोडला. राखीव वस्तीवर असताना जी करमाफी होती तीही सोडली : खरेदीवरचा कर 8 वर्षांनी, आयकर 12 वर्षांनी लागू झाला. सुमारे 19 कोटी डॉलर, सामन माशांच्या पकडीतला ठरलेला वाटा, आणि आपली भाषा, संस्कृती, नागरिकत्व, जमीन यांबाबत स्वतः कायदे करण्याचा अधिकार हे त्यांच्या पदरात राहिले. फौजदारी कायदा कॅनडाचाच चालतो. आता सांगा संपादक महोदय, या व्यवहारात देणारा कोण आणि घेणारा कोण? मी मोजणीदाराच्या पद्धतीने मांडले तर नोंद अशी होईल : मूळ धारकाने नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावरचा हक्क सोडला, उरलेल्या क्षेत्रावर त्याची हद्द कायम झाली.

आम्ही ग्रीनव्हिलला, म्हणजे लाखगाल्त्साप गावी, त्यांच्या संग्रहालयात गेलो. तिथे एक उंच कोरीव खांब उभा आहे, निइसजूल. एका घराण्याने एकोणिसाव्या शतकात आपल्या माणसाच्या स्मरणार्थ तो उभारला होता. 1929 साली एका संशोधकाने तो गावातून हलवला आणि स्कॉटलंडच्या संग्रहालयाला विकला. 2023 च्या सप्टेंबरात तो लष्करी विमानाने परत आला. खांबाजवळ मी बराच वेळ उभा होतो तेव्हा तिथे बसलेल्या एका वयस्क निस्गा बाईंनी मला विचारले की तुम्ही कुठचे, आणि तुमच्याकडे पहिल्यापासून राहणारे लोक आहेत का. मी गोंड आणि माडिया लोकांबद्दल सांगितले. मुलगी इंग्रजीत समजावत होती. बाई नीट ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, तुमच्या सरकारने त्यांच्याशी किती वर्षे बोलणी केली?

मला उत्तर देता आले नाही. आपल्याकडे बोलणी झालीच नाहीत. आपल्याकडे अर्जाचा नमुना छापला गेला.

इथून मला माझ्याबद्दल लिहावे लागेल. 2006 चा वनहक्क कायदा आल्यावर दाव्यांच्या मोजणीच्या कामात माझीही नेमणूक झाली. धानोरा तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारा गोंड शेतकरी माझ्यापुढे चालत होता. 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा कब्जा दाखवायचा होता. तो मला झाडे दाखवत होता. हा मोह माझ्या आजीचा, हा माझ्या थोरल्या भावाचा, इथवर आमची पेरणी, त्या नाल्यापलीकडे दुसऱ्या घराची. आमच्या भागात मोहाची झाडे घराघरांत वाटलेली असतात आणि कुणी दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली ठेवत नाही. खरे तर इतके स्पष्ट लगतधारक मी सातबारा असलेल्या गावांतही पाहिले नाहीत. माझ्या जीपीएसवर त्याचे क्षेत्र पावणेपाच एकरांच्या आसपास आले. काही महिन्यांनी मंजूर यादी आली त्यात त्याच्या नावापुढे एक एकर होता. कारण लिहिलेले नव्हते. मी वरच्या कार्यालयात विचारले तेव्हा सांगण्यात आले की मोजणी करणे तुमचे काम, क्षेत्र ठरवणे आमचे. मी त्या एका एकराच्या नकाशावर सही केली. पुढे मांडव घालून 'पट्टे वाटप' झाले. पाहुण्यांच्या हातून कागद घेताना म्हाताऱ्याने वाकून नमस्कार केला. मी मागच्या रांगेत बसलो होतो. त्याचे पावणेचार एकर कापले गेले आणि आभारही त्यानेच मानले, ही गोष्ट तेव्हा मला लागली नाही. ग्रीनव्हिलच्या त्या बाईंच्या प्रश्नाने लागली.

कायद्याचे नाव वाचावे : अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम. मान्यता. कायद्याच्या उद्देशिकेत 'ऐतिहासिक अन्याय' झाला असे संसदेने स्वतः कबूल केले आहे. म्हणजे आपल्या संसदेने जे लिहिले ते त्या 1973 च्या निकालापेक्षा कमी नाही : हक्क होता, तो आम्ही मानतो. मग जिल्ह्याच्या पातळीवर येईपर्यंत 'मान्यता'चे 'वाटप' कसे झाले? वाटप शिधा, बियाणे, सायकली यांचे होते. ज्याचे वाटप होते ते वाटणाऱ्याचे असते, आणि वाटणारा पाच मागणाऱ्याला एक देऊ शकतो. माझ्या म्हाताऱ्याचे नेमके हेच झाले.

याला अपवाद आमच्याच धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असे कायदा येण्याच्या कितीतरी आधी म्हटले आणि 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य करून घेतला. त्यानंतरही बांबू तोडला तर वाहतुकीचा परवाना देणार कोण यावर वनखात्याशी दोन वर्षे झगडावे लागले. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि टीपी बुक, म्हणजे वाहतूक परवान्यांचे पुस्तक, ग्रामसभेच्या हाती सोपवले गेले. मेंढ्याचे लोक समोर बसून बोलले, निर्णय एकमताने घेतले, नाही म्हणायची वेळ आली तेव्हा नाही म्हणाले. आकाराने निस्गांच्या जमिनीचा हा शंभरावा भागही नाही. पण दोन्हीकडे गोष्ट एकच चालली होती : सही कुणाची चालणार?

एक गोष्ट मोजणीदार म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. मेंढ्याच्या लोकांनी 2013 साली ग्रामदान करून आपल्या नावावरची शेतीही ग्रामसभेच्या नावे केली. निस्गांनी याच्या उलट केले. त्यांच्या सभागृहाने 2009 साली कायदा केला आणि गावातल्या राहत्या घराची जागा कुटुंबाच्या नावे, गहाण ठेवता येईल अशी करून घेण्याची वाट उघडली. पुस्तकी माणूस विचारेल यातले बरोबर कोणते. मला वाटते दोन्ही बरोबर, कारण दोन्ही ठिकाणी ज्यांची जमीन त्यांनी बसून ठरवले.

निस्गांचे सगळे आबादीआबाद आहे असे मी लिहिणार नाही. खोऱ्यात रोजगार थोडा, बरीच माणसे टेरेस, प्रिन्स रूपर्ट, व्हँकूवरला राहतात. निस्गा सरकार आता समुद्रकाठच्या एका मोठ्या गॅस प्रकल्पात भागीदार आहे, आणि त्या गॅसची पाइपलाइन आपल्या मुलखातून नेण्याला शेजारच्या गिटान्याऊ समाजाच्या वंशपरंपरागत प्रमुखांचा कडवा विरोध आहे. करारातल्या हद्दीवरूनही या दोघांत जुना वाद आहे. त्या प्रकल्पाबद्दल वाचताना मला गडचिरोलीतला सुरजागडचा लोहखनिजाचा डोंगर आठवून बेचैन व्हायला होते. पण सुरजागडला ग्रामसभा नको म्हणत असताना खाण झाली आणि इथे निस्गांनी आपल्या सभागृहात होय म्हटले, हा फरक मी पुसून टाकू शकत नाही. त्यांचा निर्णय मला पटला नाही तरी तो त्यांचा आहे.

टेरेसच्याच दोन अंगांना किट्सेलास आणि किट्सुमकॅलम हे समाज राहतात. त्यांची बोलणी तीस वर्षे चालली आणि 2024 मध्ये कुठे मसुद्यावर आद्याक्षरे झाली. माझी मुलगी रोज ज्या जमिनीवरून कामाला जाते ती त्यांची. ज्या घरात बसून हे पत्र लिहितो आहे त्याच्या खरेदीखतात त्यांचे नाव कुठेही नाही, हे मी दोनदा वाचून पाहिले.

माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, त्या वाक्याची दुरुस्ती छापावी : 'निस्गांचा सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर जमिनीवरील हक्क व त्यांचे स्वशासन कॅनडाने कराराने मान्य केले.' दुसरी, गडचिरोली, नंदुरबार, पालघर, मेळघाट कुठूनही वनहक्काची बातमी आली तर मथळ्यात 'पट्टे वाटप' लिहू नये, 'हक्क मान्य' लिहावे, आणि बातमीदाराने दोन आकडे द्यावेत : दावा किती क्षेत्राचा होता आणि मान्य किती झाले.

ऑक्टोबरात मी चंद्रपूरला परततो आहे. त्या गावची माझी मोजणीची वही मी जपून ठेवली आहे, तिच्यात पावणेपाच एकरांचे कच्चे टिपण आहे, मोहाच्या झाडांसह. म्हातारा आता नाही, त्याची मुले आहेत. ते टिपण घेऊन मी त्यांच्या ग्रामसभेत जाणार आहे आणि फेरविचाराच्या अर्जाला जोडायला, मोजणी मीच केली होती असे लिहून सही करून देणार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक
चंद्रपूर (सध्या मुक्काम टेरेस, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा)